नमुना पवईला पाठवला आहे

सकाळी सहाच्या आत आसनगाव स्टेशन गाठायचं तर शहापुरातून निघताना चहावर पाणी सोडावं लागतं. कसाऱ्याहून येणारी लोकल भरलेलीच येते. आसनगावला चढणाऱ्याने बसायला मिळेल अशी आशा धरू नये. ताईने डबा छातीशी धरला होता. साधा प्लॅस्टिकचा डबा, एकेकाळी त्यात सोनपापडी असावी. आत टिश्यू पेपर, त्याच्या आत अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेले काचेचे सहा तुकडे, प्रत्येक तुकडा सेंटिमीटरभर लांब आणि तेवढाच रुंद. प्रत्येकावर एक काळसर थर. थराची जाडी मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीचा पन्नासावा-साठावा हिस्सा. "गर्दी वाढली तर डबा डोक्यावर धर, पण दाबू देऊ नकोस," हे तिने मला रिक्षातच बजावलं होतं.

ताई माझी मावसबहीण. ती शहापूरची, मी मुरबाडचा. मी इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये गेलो आणि ऐरोलीच्या एका ऑफिसात बसतो. ती एमएस्सी करून शिकवायला लागली आणि शिकवता शिकवता पीएचडी करते आहे. विषय, सौरघटासाठी लागणारे पदार्थ. आदल्या आठवड्यात तिच्यासाठी ऑनलाइन वेळ घेऊन देताना मी एक बावळट प्रश्न विचारला होता, "हे मशीन तुमच्याकडेच का नाही?" ती म्हणाली, "चल माझ्याबरोबर, वाटेत सांगते." वाटेत तिने सांगितलं त्याहून बरंच मी नंतर वाचत बसलो. हा लेख त्या वाचनातून झाला आहे.

आधी डब्यातल्या मालाबद्दल. ताईचा पदार्थ तांबं, जस्त, कथील आणि गंधक यांचा बनलेला असतो. त्याला सीझेडटीएस म्हणतात. त्याचा बँड गॅप साधारण १.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे सूर्यप्रकाश शोषायला अगदी सोयीचा. चारही मूलद्रव्यं मुबलक, इंडियमसारखी दुर्मीळ नाहीत, कॅडमियमसारखी विषारीही नाहीत. कागदावर सगळं झकास. आणि हा थर बनवायला लागतं काय? काचेची पट्टी, चार बीकर, क्षार, डिस्टिल्ड वॉटर, तापमान धरून ठेवणारी पाण्याची टाकी आणि शेवटी भट्टी. पट्टी एका द्रावणात बुडवायची, धुवायची, दुसऱ्यात बुडवायची, पुन्हा धुवायची, आणि असं शंभर-दीडशे वेळा. या पद्धतीला 'सिलार' म्हणतात. निकोलाऊ नावाच्या शास्त्रज्ञाने ती १९८५ साली फ्रान्समध्ये मांडली. ताईच्या प्रयोगशाळेत पट्टी बुडवायचं काम एक जुनी मोटर करते. तिचा टायमर मी लिहून दिलेल्या वीस ओळींच्या कोडवर चालतो. या संशोधनातला माझा वाटा तेवढाच.

बनवणं झालं, पण बनलंय काय हे कळायचं कसं? डोळ्यांना फक्त काळा रंग दिसतो. तो सीझेडटीएस आहे, की नुसतं कॉपर सल्फाइड, की दोन्हींची भेळ, हे पाहायला क्ष-किरण विवर्तनाचं यंत्र लागतं, ज्याला सगळे एक्सआरडी म्हणतात. थराचा पृष्ठभाग पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. कुठलं मूलद्रव्य किती ते मोजायला आणखी एक यंत्र, रेणूंची कंपनं मोजायला रामन. यातल्या बऱ्याच यंत्रांची किंमत कोटीच्या घरात जाते, चांगला ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक घ्यायचा तर अनेक कोटींत. म्हणजे पदार्थ शिजवायचा चार बीकरांत आणि चाखायला जायचं परगावी. भारतातल्या छोट्या विद्यापीठांमधल्या सौरपदार्थांच्या संशोधनाचा इतिहास मला या एका वाक्यात दिसतो, आणि त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण कोल्हापूरला आहे.

शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झालं. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगभर सौरघटांच्या संशोधनाला पैसा मिळू लागला. पण सिलिकॉनचा घट करायचा तर उच्च निर्वात यंत्रणा हवी, अतिशुद्ध वायू हवेत, स्वच्छ खोल्या हव्यात. कोल्हापूरच्या पदार्थविज्ञान विभागाने वेगळा रस्ता धरला. द्रावणातून थर बसवायचा, विजेने बसवायचा, किंवा तापलेल्या काचेवर फवारायचा. एस. एच. पवार, सी. डी. लोखंडे, पी. एस. पाटील ही नावं या क्षेत्रातल्या कुणालाही ठाऊक असतात. लोखंडे आणि पवार यांचा विद्युत-निक्षेपणावरचा आढावा १९८९ मध्ये जर्मनीतल्या 'फिजिका स्टेटस सॉलिडी'त आला. फवारणीच्या तंत्रावरचा पाटलांचा आढावा १९९९ चा. माने आणि लोखंडे यांचा रासायनिक निक्षेपणावरचा २००० चा, पठाण आणि लोखंडे यांचा सिलारवरचा २००४ चा. ताईच्या पीएचडीच्या पहिल्या प्रकरणात हे सगळे आहेत. जगात कुठेही, कोरियापासून मेक्सिकोपर्यंत, बीकरमध्ये थर बसवणारा विद्यार्थी यांच्यापैकी एखादा लेख उघडतोच.

हे कौतुक करतानाच मला एक शंका येते. कोल्हापूरने हा रस्ता निवडला की तिजोरीने त्यांच्यासाठी निवडला? माझा तर्क असा की दोन्ही थोडंथोडं. रासायनिक पद्धत स्वस्त आहे म्हणून कमअस्सल ठरत नाही. कॅडमियम सल्फाइडचा पातळ थर रासायनिक बाथमध्ये बसवून केलेल्या घटांनी जागतिक पातळीवरची कार्यक्षमता गाठलेली आहे. पण निर्वात यंत्रणा मागून मिळाली असती तर सगळ्यांनीच बीकर उचलला असता का, हा प्रश्न उरतोच. विज्ञानाच्या इतिहासात कल्पनांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, खरेदी समितीच्या इतिवृत्तांबद्दल फार कमी.

म्हणून थोडं खरेदीकडे वळतो. १९५७-५८ मध्ये देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं परदेशी उपकरण घ्यायचं म्हणजे आयात परवाना, चलनाची मंजुरी आणि 'ही वस्तू भारतात बनत नाही' असा दाखला, अशी तीन दारं ठोठवावी लागत. ज्यांना मदत म्हणून उपकरणं मिळाली ते सुटले. पवईची आयआयटी १९५८ मध्ये सुरू झाली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर. यंत्रंही तिकडूनच आली आणि ती शिकवायला तज्ज्ञही. बाकीच्यांसाठी अनुदान रुपयांत होतं आणि किंमत डॉलरात. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. दहा हजार डॉलरचं उपकरण आदल्या दिवशी ४७,६०० रुपयांना होतं, ते दुसऱ्या दिवशी ७५,००० चं झालं. मंजूर रक्कम जिथल्या तिथे. जुलै १९९१ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोनदा अवमूल्यन झालं, तेव्हाही तीच कथा. अशा वेळी करायचं काय असतं? एकतर यंत्राचे जोडभाग वगळायचे, नाहीतर यंत्रच वगळायचं. ताई सांगते, अनेक जुन्या प्रयोगशाळांत चांगल्या यंत्राला महत्त्वाचा एक जोडभागच नसतो. त्याचं कारण त्या वर्षीच्या डॉलरमध्ये शोधावं.

एकेका विभागाला परवडत नाही तर सगळ्यांनी मिळून एक घ्यावं, ही कल्पना यातूनच आली. माझ्या धंद्यात तिचं मूळ आणखी जुनं सापडतं. १९६४ मध्ये कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसला, आणि तो एकट्या टीआयएफआरचा राहिला नाही. देशभरातल्या संस्थांमधली माणसं छिद्रं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन येत आणि आपली पाळी आली की गणित चालवून घेत. एका कार्डावर एक चूक झाली की परत जा, दुरुस्त करा, पुन्हा रांगेत. आज मी दिवसातून चाळीस वेळा प्रोग्रॅम चालवतो, चाळीस वेळा चुकतो, आणि माझ्या मागे कुणी उभं नसतं. ताई मात्र अजून कार्डांच्याच युगात आहे.

विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग १९७१ मध्ये स्थापन झाला. पाचव्या पंचवार्षिक योजनेत त्याने देशात ठिकठिकाणी प्रादेशिक उपकरण केंद्रं काढायला घेतली. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना आरएसआयसी म्हणत. पवईचं केंद्र १९७६ मधलं. मद्रासची आयआयटी, लखनौची औषध संशोधन संस्था, कलकत्त्याची बोस इन्स्टिट्यूट, चंडीगढ, शिलाँग, आणि आपल्याकडे नागपूर विद्यापीठ, अशी ही साखळी. नियम साधा होता. यंत्र एका संस्थेत राहील, पण ते त्या संस्थेचं नसेल. कुठल्याही विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने नमुना पाठवावा, सवलतीचा दर भरावा, आणि निकाल घ्यावा. उद्योगांना दर वेगळा. पुढे या केंद्रांचं नाव बदलून 'सैफ' झालं, पण जुने प्राध्यापक अजून आरएसआयसीच म्हणतात. 'नमुना पवईला पाठवला आहे' हे वाक्य महाराष्ट्रातल्या रसायनशास्त्राच्या आणि पदार्थविज्ञानाच्या दोन-तीन पिढ्यांनी आपापल्या गाईडला ऐकवलेलं आहे. गाईड ते ऐकून गप्प बसतात, कारण त्यांनीही ते त्यांच्या गाईडला ऐकवलेलं असतं.

विद्यापीठ अनुदान आयोगानेही आपल्या परीने विद्यापीठांत उपकरण केंद्रं काढली. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात पश्चिम विभागाचं केंद्र झालं. त्यांचा हेतू मला जास्त शहाणपणाचा वाटतो. नुसती यंत्रं ठेवण्यापेक्षा ती दुरुस्त करणं आणि दुरुस्त करू शकणारी माणसं तयार करणं यावर त्यांचा भर होता. १९८९-९० च्या सुमारास अणुऊर्जा खात्याची मोठी साधनंही, म्हणजे ट्रॉम्ब्याच्या ध्रुव अणुभट्टीतले न्यूट्रॉनचे झोतसुद्धा, विद्यापीठांतल्या संशोधकांना खुले करणारी आंतर-विद्यापीठीय व्यवस्था उभी राहिली.

दुरुस्तीचा मुद्दा का ठळक केला ते सांगतो. आमच्या बाजूच्या एका कॉलेजात, नाव सांगत नाही, एक देखणं यंत्र आहे. त्यावर शिवून घेतलेलं कापडी आच्छादन आहे आणि मागच्या भिंतीवर उद्घाटनाचा फोटो, रिबिनीसकट. ताईने मला ते दाखवलं तेव्हा चार वर्षं ते बंद होतं. आतला दिवा गेलेला. वार्षिक देखभालीचा करार संपलेला, आणि नवा करार करायला पैसे कुठल्या शीर्षाखाली काढायचे यावर फाइल फिरत होती. अनुदानाच्या भाषेत दोन शब्द असतात, आवर्ती आणि अनावर्ती. यंत्र अनावर्ती. ते एकदाच घ्यायचं असतं. त्याचा दिवा, त्याचा करार, ते चालवणाऱ्या माणसाचा पगार हे सगळं आवर्ती, आणि आवर्ती पैसा द्यायला कुणी रिबीन कापत नाही. यंत्र मिळवणं कठीण आहे यात वाद नाही, पण ते जिवंत ठेवणं त्याहून कठीण आहे, आणि त्याचा इतिहास लिहायला फोटोही मिळत नाहीत.

शिवाय यंत्राला खायला-प्यायला लागतं. एक्सआरडीमध्ये तांब्याच्या एका तुकड्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून क्ष-किरण काढतात, त्यांची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम, म्हणजे अणूंमधल्या अंतराच्या मापाची. नळी साधारण ४० किलोव्होल्ट आणि ४० मिलिअँपिअरवर चालते, म्हणजे १,६०० वॅट. त्यातला एक टक्काही क्ष-किरणांत जात नाही, बाकी सगळी उष्णता. पाणी फिरवलं नाही तर नळी जळते. पूर्वी नळाचं पाणी लावत, आता चिलर असतो. वीज मध्येच गेली की तोही बंद. ताईची शाळा-कॉलेजची वर्षं लोडशेडिंगची होती. ग्रामीण ठाण्यात दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. आणि पाण्याबद्दल शहापूरकराने बोलायचं तर तोंड आवरावं लागतं. तानसा १८९२ चं, मोडकसागर १९५७ चं, मग भातसा. तिन्हींचं पाणी मुंबईला जातं, भातसाचा वाटा त्यात सगळ्यात मोठा, आणि एप्रिल-मे मध्ये तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. गंमत म्हणजे पवईचा तलावही मुंबईला पाणी पुरवायलाच १८९१ मध्ये बांधला होता. ते पाणी पिण्यालायक निघालं नाही. आता त्याच्या काठावर आमचे नमुने तपासून मिळतात.

ठाण्याला आम्ही गाडी बदलली. धीम्या लोकलने कांजूरमार्ग, तिथून रिक्षा. मुरबाडहून आलो असतो तर आधी एसटीने कल्याण, कारण आमच्याकडे रेल्वे यायची अजून बाकी आहे. ताईने हा प्रवास किती वेळा केला हे मोजलेलं नाही, पण डबा तिसरा आहे.

आता सौरऊर्जेपुरतं बोलायचं तर २०१० हे साल महत्त्वाचं. त्या जानेवारीत राष्ट्रीय सौर अभियान जाहीर झालं, २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅटचं लक्ष्य घेऊन, आणि त्याच वर्षी पवईला केंद्रीय मंत्रालयाच्या पैशातून सौरघटांच्या संशोधन-शिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. या केंद्राने बाहेरच्या कॉलेजांसाठी 'पंप' नावाचा उपक्रम ठेवला. त्यात बाहेरच्या संशोधकाला तिथली यंत्रं वापरायला मिळतात आणि जोडीला मार्गदर्शकही मिळतो. त्याआधी २००८ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्ससाठी पवई आणि बंगळुरूला अशीच योजना होती. आरएसआयसीच्या कल्पनेत आणि या कल्पनेत एक बारीक पण मोठा फरक आहे. पहिलीत नमुना प्रवास करतो, दुसरीत माणूस. नमुना पाठवला की आलेख परत येतो. माणूस गेला की तो यंत्राजवळ उभा राहून "जरा डावीकडचा भाग बघू या का" असं म्हणू शकतो.

याच्या उलट टोकाला पोर्टल आहे. जानेवारी २०२० मध्ये 'आय-स्टेम' या संकेतस्थळाचं उद्घाटन झालं. सरकारी पैशातून घेतलेली देशभरची यंत्रं तिथे नोंदवायची, कुणालाही शोधता यावीत, वेळ घेता यावी. माझ्यासारख्याला ही कल्पना पटकन आवडते, कारण आम्हाला सगळे प्रश्न डेटाबेसचे वाटतात. यंत्र कुठे आहे हे त्यातून कळतं, आणि ते फार उपयोगाचं आहे. ते आज चालू आहे का आणि ते चालवणारा माणूस रजेवर आहे का, यासाठी ताई शेवटी फोनच लावते.

मे २०२० मध्ये दोनशे कोटींच्या आतल्या खरेदीसाठी जागतिक निविदा काढायला बंदी आली. विचार देशी उत्पादनाचा होता, पण ज्या यंत्राचा देशात कारखानाच नाही त्याचं काय, हा १९५७ चाच प्रश्न नव्या कागदावर आला. जून २०२५ मध्ये संशोधन संस्थांसाठी खरेदीचे नियम बरेच सैल केले गेले आणि कुलगुरू-संचालकांच्या हातात अधिकार आले. शहापूर-मुरबाडच्या कॉलेजांपर्यंत हे कधी पोचेल माहीत नाही. त्यांच्याकडे कुलगुरू नाही, प्राचार्य आहेत. कोल्हापुरात मात्र चक्र फिरलेलं दिसतं. तिथे विद्यापीठाचं सामाईक सुविधा केंद्र उभं राहिलं आणि अलीकडे 'सैफ'च्या यादीतही त्याचं नाव आलं. बीकर घेऊन बसलेल्या विद्यापीठाकडे आता इतरांचे नमुने येतात.

पवईत एक्सआरडी झालं. यंत्रावरच्या गृहस्थांनी तुकडा चिमट्याने उचलून बसवला, दार लावलं, आणि पडद्यावर रेघ पुढे सरकू लागली. २८.५ अंशांच्या जवळ उंच शिखर आलं. मी ताईकडे पाहिलं, कारण इतकं मला वाचून ठाऊक होतं की सीझेडटीएसचं शिखर तिथेच असतं. ती खूश झाली नाही. "झिंक सल्फाइडचंही तिथेच असतं," ती म्हणाली, "आणि तांबं-कथीलवाल्याचंही. याने काही सिद्ध होत नाही. रामन लागणार." म्हणजे दुसरं यंत्र, दुसरी संस्था, दुसरा अर्ज, दुसरी रांग. आठ वर्षांपूर्वी तिला हे माहीत नव्हतं तेव्हा नुसत्या एक्सआरडीवर तिने एक परिषद-लेख लिहिला होता. तो ती आता कुणाला दाखवत नाही. तिच्या बीकरापासून चार पावलांवर रामन असता तर त्याच संध्याकाळी तिला आपली चूक कळली असती.

रामनचा निकाल पाच आठवड्यांनी ईमेलवर आला. मी मुरबाडला घरी होतो, तिने आलेख मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. ३३८ ला शिखर होतं, स्वच्छ, जसं हवं तसं. आणि ४७५ ला आणखी एक, बुटकं. मी विचारलं, हे काय? "कॉपर सल्फाइड," तिने लिहिलं. "तांबं जास्त पडलंय. याचा घट केला तर शॉर्ट होईल." मग थोड्या वेळाने, "मोटरच्या टायमरमध्ये तांब्याच्या बीकरची वेळ वीस सेकंदांवरून पंधरावर आणशील का?"

मी आणली. कोडमधला एक आकडा बदलायला मला अर्धं मिनिट लागलं. नवे सहा तुकडे दिवाळीनंतर तयार झाले. पवईची तारीख अजून मिळायची आहे.